सही कुणाची, जाब कुणाला: राष्ट्रपती-राज्यपालांच्या कायदेशीर संरक्षणाविषयी

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये अध्यक्षांना पदाच्या अधिकारात केलेल्या कामांसाठी फौजदारी खटल्यापासून संरक्षण दिलं. आपल्याकडे राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान यांना असं काही आहे का? असेल तर त्यांच्या आदेशानं ज्याचं नुकसान झालं त्यानं दावा कुणावर लावायचा? आणि अमुक काम पदाचं, तमुक खासगी, हे ठरवायचं कुणी?" विचारणारा सोलापुरातच कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. मी इथल्या जिल्हा न्यायालयात ३१ वर्षं वकिली करतोय, बहुतेक दिवाणी.

घटनेचं पुस्तक उघडण्याआधी एक जीआर हातात घ्या. कुठल्याही खात्याचा चालेल. शेवटच्या पानावर, सहीच्या वर, एक ओळ असते: "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". खाली सही असते अवर सचिवाची, नाहीतर कार्यासन अधिकाऱ्याची.

काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेल कारखानदार असाच जीआर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. आठ यंत्रमाग, निम्मी घरचीच माणसं कामाला. आधी दिलेलं अनुदान एका खात्यानं निकष बदलले म्हणून परत मागितलं होतं. ती शेवटची ओळ त्यांनी लाल पेननं अधोरेखित केली होती, आणि दाव्याचा मसुदाही स्वतःच लिहून आणला होता. प्रतिवादी क्रमांक १: महामहीम राज्यपाल, राजभवन, मलबार हिल, मुंबई. मी म्हटलं, "अण्णा, यांना कशाला ओढताय?" तर म्हणाले, "वकीलसाहेब, आदेश त्यांचा, नाव त्यांचं, इथं छापलंय की ओ. त्या अवर सचिवाला मी कुठं ओळखतो?"

त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, फक्त घटना वाचायची राहिली होती. राज्य सरकारचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावानं चालतो, हे कलम १६६. केंद्राचा राष्ट्रपतींच्या नावानं, हे कलम ७७. पण तो जीआर राज्यपालांच्या नजरेखालूनही गेलेला नसणार. निर्णय मंत्र्याचा, फाईल सचिवाची, नाव तेवढं राज्यपालांचं. म्हणून दावा लावायचा तो "महाराष्ट्र राज्य, तर्फे जिल्हाधिकारी, सोलापूर" यांच्यावर. रिट, म्हणजे हायकोर्टात थेट अर्ज, करायचं असेल तर "महाराष्ट्र राज्य, तर्फे सचिव, अमुक विभाग, मंत्रालय". घटनेचं कलम ३०० आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ७९ मिळून हे शीर्षक ठरवतात. रेल्वेच्या ठेकेदारांचीही हीच गत. करारावर समोरचा पक्ष म्हणून "भारताचे राष्ट्रपती" असं छापलेलं असतं, आणि बिल अडकलं की गड्याला वाटतं आपले पैसे थेट राष्ट्रपतींकडे निघतात. कलम २९९ च्या दुसऱ्या उपकलमात स्वच्छ लिहिलंय की अशा करारासाठी राष्ट्रपती वा राज्यपाल व्यक्तिशः बांधील नाहीत, आणि त्यांच्या वतीनं सही करणारा अधिकारीही नाही. देणं सरकारचं.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपल्याकडे नाव एकाचं आणि निर्णय दुसऱ्याचा असतो. म्हणून राष्ट्रप्रमुखाला कोर्टाबाहेर ठेवणं आपल्याला परवडतं: त्याच्या जागी उत्तर द्यायला सरकार उभं असतं. अमेरिकेत ज्याची सही त्याचाच निर्णय. त्याला बाजूला काढलं की जाब द्यायला मागे कोणी उरत नाही.

आता घटनेचं कलम ३६१, राष्ट्रपती-राज्यपालांच्या संरक्षणाचं. विद्यार्थी इथं एक चूक हमखास करतात, चारही उपकलमं एकाच गाठोड्यात बांधतात. पहिलं उपकलम पदाच्या कामाविषयी आहे. राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांनी पदाचे अधिकार वापरून, किंवा वापरतो आहोत म्हणून, केलेल्या कुठल्याही कृतीबद्दल ते कुठल्याच न्यायालयाला उत्तर देणं लागत नाहीत. यात "पदावर असेपर्यंत" हे शब्द नाहीत. पुन्हा वाचून खात्री करून घ्या. म्हणजे मुदत संपली तरी पदावरच्या कामाचा जाब त्यांना व्यक्तिशः विचारता येत नाही. "भारतातलं संरक्षण तात्पुरतं, अमेरिकेतलं कायमचं" असं जे टीव्हीवर सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. मात्र या उपकलमाला दोन परंतुकं, म्हणजे जोडलेले अपवाद, आहेत आणि त्याचा सगळा जीव त्यांच्यात आहे. एक, कलम ६१ खालच्या महाभियोगात राष्ट्रपतींच्या वर्तनाची चौकशी होऊ शकते. दोन, भारत सरकार किंवा राज्य सरकार यांच्याविरुद्ध दाद मागण्याचा कुणाचाही हक्क यानं कमी होत नाही. अण्णांचा दावा या दुसऱ्या परंतुकावर उभा राहतो.

दुसरं आणि तिसरं उपकलम पदाच्या मुदतीपुरतंच आहे, पण फार रुंद. मुदत चालू असताना कुठल्याही न्यायालयात फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही, आधीपासून चालू असलेली पुढे नेता येत नाही, अटकेचं वॉरंट निघत नाही. गुन्हा पदाच्या कामातला की घरातला, शपथेआधीचा की नंतरचा, काही फरक पडत नाही. चौथं उपकलम खासगी दिवाणी व्यवहारांचं. समजा राज्यपालांनी पदावर येण्यापूर्वी कुणाचं घरभाडं थकवलंय. दावा लागतो, पण आधी लेखी नोटीस द्यायची, त्यात वादीचं नाव-पत्ता, दाव्याचं कारण, मागणी असं सगळं लिहायचं आणि दोन महिने थांबायचं. तुम्हाला सरकारला द्यायची, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आठवली असेल. तिथंही दोन महिनेच. फरक एवढाच की कलम ८० मध्ये तातडी दाखवून, कोर्टाची परवानगी घेऊन, नोटिशीशिवाय दावा लावता येतो. ३६१ मध्ये तशी सोय ठेवलेली नाही.

हे संरक्षण खुर्चीला चिकटलेलं असतं. आमच्या गावच्याच माणसाचं उदाहरण घेऊ. सुशीलकुमार शिंदे तरुणपणी इथल्या कोर्टात नोकरीला होते, हे बार रूममध्ये प्रत्येक नव्या वकिलाला कोणीतरी सांगतंच. ते २००३-०४ मध्ये मुख्यमंत्री होते, नोव्हेंबर २००४ पासून आंध्र प्रदेशचे राज्यपाल आणि जानेवारी २००६ मध्ये केंद्रात मंत्री. त्यांच्यावर कसला खटला होता असं मुळीच नाही, मी फक्त तारखा उसन्या घेतोय. मुख्यमंत्री असताना कलम ३६१ शी त्यांचा काही संबंध नव्हता. राज्यपालपदाची शपथ घेतली त्या क्षणी ते त्यांना लागू झालं, आणि ती खुर्ची सोडली त्या दिवशी सुटलं.

खऱ्या खटल्यात हे कसं घडतं ते उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री कल्याणसिंह यांच्या बाबतीत दिसलं. बाबरी मशिदीच्या कटाच्या खटल्यात १९ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आरोप पुन्हा उभे केले, तेव्हा ते राजस्थानचे राज्यपाल होते. न्यायालयानं सांगितलं की राज्यपाल आहेत तोवर ३६१ चं संरक्षण, पदावरून उतरले की सत्र न्यायालयानं त्यांच्यावर आरोपनिश्चिती करावी. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांची मुदत संपली आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला लखनौत आरोप ठेवले गेले. ३० सप्टेंबर २०२० रोजी इतर सर्वांबरोबर ते निर्दोष सुटले. निकालाबद्दल ज्याचं त्याचं मत असेल. मला इथं फक्त मधली दोन-अडीच वर्षं दाखवायची आहेत: सहआरोपींचा खटला चालू, यांचा थांबलेला.

पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांची नावं ३६१ मध्ये कुठंच नाहीत. इंदिरा गांधी पंतप्रधान असताना मार्च १९७५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या आणि १२ जूनला त्यांची निवडणूक रद्द झाली. नरसिंह रावांना २००० मध्ये दिल्लीच्या कोर्टानं खासदार लाच प्रकरणात दोषी ठरवलं, २००२ मध्ये हायकोर्टानं सोडलं. मार्च २०२४ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना पदावर असतानाच अटक झाली. यातल्या एकाही वेळी "ते पंतप्रधान आहेत" किंवा "मुख्यमंत्री आहेत" एवढ्यावर खटला अडला नाही.

अडावा असा प्रयत्न मात्र झाला होता, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. आणीबाणीत, ऑगस्ट १९७५ मध्ये, राज्यसभेनं एकेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या ओळीत पंतप्रधानांना बसवायचं आणि तिघांनाही पदावर येण्याआधीच्या वा पदावरच्या कृत्यांसाठी आयुष्यभर फौजदारी कारवाईतून मोकळं करायचं, असं त्यात होतं. ते लोकसभेत कधी आलंच नाही. आज पुस्तकात "एकेचाळिसावी घटनादुरुस्ती" शोधलीत तर लोकसेवा आयोगाच्या सदस्यांचं निवृत्तीचं वय सापडेल. क्रमांक दुसऱ्याच कामाला वापरला गेला. अमेरिकेच्या निकालावर आपल्याकडे जे छाती पुढे काढून बोलतात त्यांनी हे विधेयक एकदा वाचावं. आपण त्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आलोय.

आता पहिल्या उपकलमातली खरी गुंतागुंत. राष्ट्रपती जवळजवळ सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं करतात, पण राज्यपालांच्या हातात काही गोष्टी स्वतःच्या म्हणून उरतात: मुख्यमंत्री म्हणून कुणाला बोलवायचं, राष्ट्रपती राजवटीचा अहवाल काय पाठवायचा. तिथं मागे मंत्रिमंडळ नसतं. मग जाब कुणी द्यायचा?

२००५ मध्ये बिहारात हे झालं. विधानसभा एकदाही भरण्याआधी राज्यपाल बुटासिंग यांच्या अहवालावरून ती विसर्जित झाली. राष्ट्रपती अब्दुल कलाम तेव्हा मॉस्कोत होते, २३ मेच्या पहाटे तिथूनच सही होऊन आली. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबरमध्ये विसर्जन घटनाबाह्य ठरवलं आणि जानेवारी २००६ मध्ये सविस्तर कारणं दिली. राज्यपालांना नोटीस काढता येत नाही, हे न्यायालयानं मान्य केलं. पण त्यांना बोलावता येत नाही म्हणून त्यांचं कृत्य तपासता येत नाही असं होत नाही. दुष्ट हेतूनं केलं असा आरोप असेल तर तोही तपासता येतो, आणि समर्थन करायचं ते सरकारनं. माझ्या मते ३६१ वरचा सर्वात उपयोगी निकाल हाच. माणसाला हात लावायचा नाही, कागद मात्र टेबलावर घ्यायचा. निकालानंतर बुटासिंग यांनी राजीनामा दिला. तो कुठल्या कोर्टानं मागितला नव्हता.

महाराष्ट्रातला प्रसंग तर तुमच्या डोळ्यांसमोरचा. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी बहुमत चाचणी बोलावली त्याला पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता. राज्यपाल चुकले, असं थेट. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, म्हणून जुनं सरकार परत आणता येत नाही. कोश्यारींवर व्यक्तिशः काही नाही, तोवर ते पदावरूनही गेले होते. त्या दिवशी बार रूममध्ये आम्ही दोन तास भांडलो. एका ज्येष्ठांचं म्हणणं, "चूक झाली म्हणायचं आणि भरपाई कुणीच द्यायची नाही, हा कसला न्याय?" मला याचं उत्तर तेव्हाही नीट देता आलं नाही. विधेयकं अडवून ठेवण्याबद्दल २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रपतींच्या विचारणेवर जो सल्ला दिला त्यात पुन्हा हीच रेषा आहे: राज्यपालांना व्यक्तिशः कोर्टात खेचता येणार नाही, पण विधेयकावर ते कारण नसताना दीर्घकाळ बसून राहिले तर ३६१ ची ढाल पुढे करून न्यायालयाला थांबवताही येणार नाही.

दयेच्या अर्जांचं बघा, म्हणजे अमेरिकेशी तुलना नेमकी होते. फाशी माफ करणं हा राष्ट्रपतींचा अधिकार, कलम ७२. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच, दयेचे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिले. राष्ट्रपती प्रतिवादी नव्हते, भारत सरकार होतं. अमेरिकेत माफी हा अध्यक्षाचा स्वतःचा अधिकार, आणि २०२४ च्या निकालानं तो सर्वात आतल्या कप्प्यात ठेवलाय.

तो निकाल १ जुलै २०२४ चा, ट्रम्प यांच्यावरच्या २०२० चा निवडणूक निकाल उलटवण्याच्या प्रयत्नांच्या खटल्यातला, सहा विरुद्ध तीन. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी अध्यक्षाच्या कृत्यांचे तीन थर पाडले. घटनेनं फक्त अध्यक्षालाच दिलेले अधिकार, जसे माफी, अधिकाऱ्यांना काढणं, परक्या सरकारला मान्यता. यात पूर्ण संरक्षण. त्याबाहेरची पण पदाच्या कक्षेतली कामं. यात संरक्षण आहे असं धरून चालायचं, ते मोडून काढायचा भार खटला भरणाऱ्यावर. आणि खासगी कृत्यं. यात काहीच नाही. हेतू काय होता हे विचारायचं नाही. पदाच्या कामाचा पुरावा खासगी गुन्ह्याच्या खटल्यातही वापरायचा नाही, हा भाग तर बहुमतातल्या न्यायमूर्ती बॅरेट यांनाही पटला नाही. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी निकालात विचारलं की लष्कराच्या पथकाला प्रतिस्पर्ध्याला मारायचा हुकूम दिला तरी संरक्षण का? ट्रम्प यांच्यावरचा तो खटला पुढे चाललाच नाही. नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक ते जिंकले, विद्यमान अध्यक्षावर खटला चालवायचा नाही हे तिथल्या न्याय खात्याचं जुनं धोरण, म्हणून २५ नोव्हेंबरला तो काढून टाकण्यात आला.

हे एका रात्रीत झालं नाही. १९८२ मध्ये फिट्झगेराल्ड नावाच्या हवाई दलातल्या खर्च-विश्लेषकाचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात होता. सी-५ए विमानांचा खर्च भरमसाट वाढतोय, असं त्यानं संसदेच्या समितीपुढे सांगितलं आणि त्याची नोकरी गेली. त्यानं माजी अध्यक्ष निक्सन यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा केला. पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की पदाच्या कामासाठी अध्यक्षाकडून पैसे मागता येत नाहीत. पदाच्या कामाच्या अगदी बाहेरच्या परिघापर्यंत संरक्षण, हा शब्दप्रयोग अध्यक्षांच्या बाबतीत तिथून आलाय. २०२४ मध्ये दिवाणीतला तो परिघ फौजदारीत ओढला गेला. माझा आक्षेप इथंच आहे. दिवाणी दाव्यात अध्यक्ष सुटला तर नुकसान एका माणसाचं, आणि त्याला नोकरी परत मिळवण्याचे दुसरे मार्ग असतात. फिट्झगेराल्डला ती मिळालीही. फौजदारीत अध्यक्ष सुटला तर त्याच्या जागी आरोपी म्हणून उभं कुणाला करणार?

आता तुमचा शेवटचा प्रश्न: पदाचं काम की खासगी, हे ठरवतं कोण. दोन्हीकडे कोर्टच. अमेरिकेत न्याय खात्याशी झालेली बोलणी पूर्ण संरक्षणात गेली, उपाध्यक्षांवर आणलेला दबाव मधल्या थरात, आणि बाकीच्या गोष्टी खालच्या कोर्टानं एकेक करून तपासायला परत पाठवल्या. आपल्याकडे हा प्रश्न रोज येतो, पण राष्ट्रपतींच्या नव्हे तर तलाठ्यापासून सचिवापर्यंतच्या लोकसेवकांच्या बाबतीत, खटल्याच्या मंजुरीच्या, म्हणजे खटल्याआधी लागणाऱ्या सरकारी परवानगीच्या निमित्तानं. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १९७, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं २१८. कसोटी १९४८ च्या गिल प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं घालून दिलेली आहे: आरोपीला विचारा, हे का केलंस? "माझ्या पदामुळे केलं" असं उत्तर त्याला सरळपणे देता येतं का? लाच घेणारा न्यायाधीश निकाल न्यायाधीश म्हणून देतो, लाच न्यायाधीश म्हणून घेत नाही, हे उदाहरण त्याच निकालातलं. १९५५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कोलकात्यातल्या एका दरवानाच्या तक्रारीत कसोटी जरा सैल केली. करचुकवेगिरीच्या झडतीला आलेल्या अधिकाऱ्यांना त्यानं अडवलं, त्यांनी बांधून मारलं अशी त्याची फिर्याद. न्यायालय म्हणालं, कृत्याचा आणि कर्तव्याचा वाजवी संबंध असला तर मंजुरी लागते, कर्तव्यापेक्षा जास्त काही केलं असलं तरी. दरवानाची केस तिथंच थांबली.

मंजुरी आणि ३६१ यांत गल्लत करू नका. मंजुरी हे कुलूप आहे, किल्ली सरकारकडे असते, आणि २१८ मध्ये तर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असं धरतात. अंतुले प्रकरणात माजी मुख्यमंत्र्यांवरच्या खटल्याला मंजुरी राज्यपालांनी दिली होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्या खुर्चीचा गैरवापर झाला ती सोडली असेल तर मंजुरी लागतच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनं खुर्ची सोडलेल्यांनाही पुन्हा मंजुरीचं छत्र दिलं. संसदेला चिलखतं शिवायची हौस अधूनमधून येतेच.

कोणीतरी रामशास्त्र्यांचं उदाहरण देणार, म्हणून मीच देतो. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश आपल्याला अभिमानाचा आहेच. पण वकील म्हणून मला दुसरीच गोष्ट दिसते: आख्यायिका खरी धरली तर त्या प्रकरणातला मुख्य पुरावा हा एक सरकारी आदेशच, "धरावे"चं "मारावे" झालेला. रॉबर्ट्स यांच्या निकालानं तो आदेश पुराव्यात वाचताच आला नसता.

आपल्या व्यवस्थेतल्या दोन फटी सांगतो. पहिली, "सरकार उत्तर देईल" हे परंतुक सरकारनं खरोखर उत्तर दिलं तरच कामाचं. साठच्या दशकातला कस्तुरीलाल निकाल वाचा. मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचं सोनं जप्त केलं, मालखान्यातल्या हेड कॉन्स्टेबलनं ते लांबवलं आणि तो पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामं, राज्य भरपाई देणं लागत नाही. पुढे १९९३-९४ मधल्या निकालांनी, विशेषतः कोठडीतल्या मृत्यूंच्या बाबतीत, ही भिंत बरीच पाडली, पण कस्तुरीलाल आजही सरकारी वकिलाच्या उत्तरात डोकावतो. राष्ट्रप्रमुख ३६१ खाली आणि सरकार सार्वभौमत्वाखाली गेलं तर नागरिकानं जायचं कुठं?

दुसरी फट दुसऱ्या उपकलमात आहे आणि ती मला जास्त टोचते. २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका महिला कर्मचाऱ्यानं राज्यपालांविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. त्यांनी आरोप नाकारला. खरं-खोटं ठरायचं कुठं? मुदत संपेपर्यंत कोर्टाचं दार बंद. कलमात "न्यायालयात कारवाई" असं आहे, मग पोलीस तपास तरी करता येतो का, पुरावा जपून ठेवता येतो का, हाच तिचा सवाल होता, आणि त्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्यावर नोटीस काढली. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचा कायदा आडवा येत नाही, हे खरं. पण सीसीटीव्हीचं चित्रण पाच वर्षं टिकत नाही, आणि त्याच आवारात नोकरी करणारे साक्षीदारही.

राष्ट्रपतींना काढायला महाभियोग आहे, प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांचा; आजवर एकदाही वापरला गेलेला नाही. राज्यपालांना तर महाभियोगही नाही. ते राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात दिल्लीचं मन असेपर्यंत. मनमानीनं काढता येणार नाही असं २०१० मध्ये न्यायालयानं बजावलंय, तरी ३६१ चं चिलखत केव्हा उतरवायचं याचा निर्णय शेवटी राजकीयच राहतो.

सोलापूरकरांसाठी एक कलम वेगळं सांगायलाच हवं, कलम ३४. मे १९३० मध्ये या शहरात लष्करी कायदा लागला होता आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्या चौघांचे पुतळे आपण रोज ओलांडतो. स्वतंत्र भारताच्या घटनेतही लष्करी कायद्याचा उल्लेख आहे तो इथं: जिथं तो लागू होता तिथं सुव्यवस्था राखताना केलेल्या कृत्यांबद्दल कुणालाही संसद कायदा करून दोषमुक्त करू शकते. ३६१ निदान दोन पदांपुरतं आहे आणि आधीपासून लिहिलेलं आहे. ३४ मधलं संरक्षण घटना घडून गेल्यावर, सोयीनं, कितीही माणसांना देता येतं. परीक्षेत ते दोन मार्कांना येतं, म्हणून कोणी वाचत नाही.

अण्णांच्या मसुद्याचं पहिलं पान आम्ही पुन्हा टाईप केलं. बाकी मजकुरात फार हात लावावा लागला नाही, हिशेब त्यांनी चोख मांडला होता. आज असतं तर रिटसाठी कोल्हापूरला गेलो असतो, ऑगस्ट २०२५ पासून तिथं हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. तेव्हा मुंबईच्या चकरा त्यांना परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून कलम ८० ची नोटीस आणि इथंच दावा. नोटीस जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक टेबलावर दिली, पोच घेतली, तारखेचा शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून अण्णांनी तो पुन्हा मारून घेतला. बाहेर आल्यावर नवं शीर्षक त्यांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे राज्यपालांचं नाव कुठंच नाही?"

"आहे की," मी म्हटलं. "सोबतच्या कागदांत. जीआरच्या झेरॉक्सवर, शेवटच्या ओळीत."